हलक्या तंबूचे ओझे

सियागंजाच्या घाऊक बाजारात मालाची किंमत काट्यावर ठरते. साखर असो, खोबरे असो वा सुतळी असो, वजन वाढले की रक्कम वाढते, हा हिशेब आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हिवाळ्यात डोंगरावर नेण्याच्या तंबूपाशी मात्र हा हिशेब उलटतो. जाड ताडपत्री वजनाला भारी आणि किमतीला हलकी. उलट दोन माणसांना पुरेल असा दीड किलोचा तंबू घ्यावयाचा तर तिच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. येथे ग्राहक जे वगळले आहे त्याची किंमत देतो. आपल्या घरांतील तरुण मुले-मुली आता डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातील केदारकंठासारख्या, साडेबारा हजार फुटांच्या आसपास उंची असलेल्या हिमाच्छादित शिखरावर जाऊ लागली आहेत. तंबू कोणता घ्यावा, असे ती विचारतात, तेव्हा तो प्रश्न आपण दुकानदारावर सोपवून मोकळे होतो. आम्हांस वाटते की त्यात एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे. वजन कमी केले, तेव्हा नेमके काय कमी केले, आणि ते कोणाच्या वाट्याचे होते?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. माळव्यातील मराठी घराण्यांचा इतिहास वाड्यांच्या आधी तंबूंचा आहे. राहुटी, पाल, डेरा, शामियाना हे शब्द आपल्या पूर्वजांच्या रोजच्या वापरातले होते. इंदूरच्या एका भागाचे नाव तर आजही छावणी असेच आहे. मराठ्यांच्या घोडदळाचे बळ त्याच्या हलकेपणात होते. १७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेत निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत जड तोफखाना होता, बाजारबुणगे होते, कुटुंबे होती आणि तीर्थयात्रेच्या ओढीने निघालेले यात्रेकरूही होते. जड सामान आणि बायकामुले सुरक्षित ठिकाणी मागे ठेवून सडे व्हावे, असा सल्ला सुरजमल जाट आणि मल्हारराव होळकर यांनी दिल्याचे बखरींतून येते. तो मानला गेला नाही. हिवाळ्याच्या ऐन थंडीत पानिपतावर वेढलेल्या त्या छावणीची उपासमार झाली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी मल्हाररावांनी रणांगण सोडले. त्यावरील वाद अडीचशे वर्षांनंतरही शमलेला नाही, आणि होळकरांच्या नगरीत राहणाऱ्या आपल्याला तो आजही थोडासा बोचतो.

आम्ही त्या वादाचा निवाडा करू इच्छित नाही. त्यातून निघणारा एक भेद मात्र ध्यानात घ्यावासा वाटतो. निघण्यापूर्वी, सुरक्षित जागी, सर्वांना सांगून ओझे उतरवणे ही एक गोष्ट. आणि संकट ओढवल्यावर, जे आपल्या भरवशावर आले त्यांना सोडून हलके होणे ही दुसरी. पहिल्या वेळी जे शहाणपण ठरते, तेच दुसऱ्या वेळी आरोप होऊन बसते. कृती एकच असते. तिची वेळ आणि तिला मिळालेली संमती निराळी असते.

आता तंबूकडे वळू. तीन ऋतूंत चालणारा, दोघांसाठीचा हलका तंबू एक ते दोन किलोंचा असतो. खास हिवाळ्यासाठी बनवलेला अडीच ते चार किलोंच्या घरात जातो. मधले वजन कोठे जाते? हलक्या तंबूत काठ्या कमी आणि बारीक असतात, कापड तलम असते, आतला पडदा बहुधा जाळीचा असतो. ही जाळी पावसाळ्याच्या आगेमागे सुखावह; पण वारा सुटला की भुकटीसारखा हिम तिच्यातून आत येतो आणि अंथरुणावर पसरतो. एकाच पदराचा तंबू आणखी हलका. पण झोपणाऱ्यांच्या श्वासातील वाफ त्याच्या आतल्या अंगाला गोठते आणि पहाटे अंगावर गळते. छपराचे पाहू. ताजा, भुसभुशीत हिम घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो. तीन चौरस मीटर छपरावर तो एक फूट साचला, तर पंचेचाळीस ते नव्वद किलोंचा भार होतो. म्हणजे सियागंजातले जवळजवळ एक-दोन पोती धान्य त्या बारीक काठ्यांवर ठेवल्यासारखे. उतरत्या भिंतींचा तंबू यातला बराच हिम घसरू देतो, आणि जागे राहून कोणी तो आतून झटकला तर भार हलकाही होतो. पण थकलेली माणसे जागी राहत नाहीत. त्यातून हिमाने झरोके बुजले आणि आत चूल पेटलेली असली, तर गंध नसलेला विषारी वायू झोपेतच माणसाला नेतो.

म्हणजे वगळलेले दोन किलो हे नुसते कापड नसते. चुकीला, वादळाला आणि थकव्याला ठेवलेली ती जागा असते. एकटा जाणारा माणूस ती जागा स्वतःपुरती कमी करू शकतो. तो त्याचा अधिकार आहे, जरी त्याला शोधायला निघणाऱ्यांचा जीवही शेवटी पणाला लागतोच. तंबूत दुसरा कोणी झोपणार असेल, तर मात्र गोष्ट बदलते. त्याने तंबू निवडलेला नसतो. निवडणाऱ्यावर विश्वास ठेवलेला असतो. त्याच्या वाट्याची सुरक्षितता आपल्या पाठीच्या सुखासाठी कमी करावयाची तर त्याला तसे आधी, घरीच, स्पष्ट सांगितले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मग सर्वांनी जड तंबूच न्यावा. तसेही नाही. जडपणा म्हणजे निर्दोषपणा नव्हे. फाजील ओझ्याने माणूस दमतो, उशीर होतो आणि अंधारात उतारावर पाय घसरतो. भीतीपोटी भरलेली पिशवीही घात करते. १९१२ च्या मार्च महिन्यात दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे दोन सोबती तंबूतच मृत्यू पावले. अन्नाचा पुढचा मोठा साठा तेथून अवघ्या अठरा किलोमीटरांवर होता, आणि त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगडांचे नमुने होते. विज्ञानावरील ती निष्ठा थोर म्हणावी की घातक, हे ज्याने त्याने ठरवावे; पण वाहण्याजोगे काय आणि टाकण्याजोगे काय, हा प्रश्न मृत्यूच्या दारातही सुटत नाही, एवढे त्यातून दिसते. शिवाय स्थळकाळ पाहावा लागतो. पचमढीच्या थंडीत किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या गडाखाली हिमाचा तंबू नेणे म्हणजे निव्वळ पाठीला शिक्षा.

ओझ्याचा एक तिसरा भागीदार आहे, ज्याचे नाव सहसा घेतले जात नाही. आयोजित पदभ्रमणांत बहुधा तंबू खेचरांच्या वा हमालांच्या पाठीवर चढतात आणि ग्राहक लहानशी पिशवी घेऊन चालतो. त्याचा तंबू हलका झालेला नसतो. तो दुसऱ्याच्या पाठीवर गेलेला असतो. मजुरी देऊन ओझे वाहून घेण्यात पाप नाही. सियागंजाचा सारा व्यवहारच हमालांच्या खांद्यावर उभा आहे. मात्र त्या खांद्याला मर्यादा आहे, हे मान्य व्हायला फार काळ जावा लागला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी पंचावन्न किलोंची शिफारस केली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारून या कष्टाला प्रतिष्ठा मिळवून दिली. डोंगरावर हाच विचार एका साध्या प्रश्नाच्या रूपाने करावा. ज्याने आपला तंबू वर आणला, तो स्वतः रात्री कशाखाली झोपतो? आयोजकाला तंबूचे वजन विचारणारे पुष्कळ. हे विचारणारे थोडे. आणि भूमीही भार सोसते. उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील बुग्याळांत, म्हणजे उंचावरील गवताळ कुरणांत, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली, ती याच कारणाने.

तेव्हा निवडीची कसोटी आमच्या मते अशी असावी. हलकेपणा आपल्या सुखातून काढावा. दुसऱ्याच्या सुरक्षिततेतून काढू नये. जादा कपडे, कॅमेऱ्याची भिंगे, चवीचे खाणे, उशी यांतून दोन किलो सहज निघतात. काठ्या, खुंट्या आणि दोर यांतून काढलेले अर्धा किलोही महाग पडते. हिम पडण्याची शक्यता असेल तेथे हिवाळी तंबूच न्यावा. नसेल तेथे हलका नेण्यात संकोच मानू नये. विकत घेतलेला तंबू आधी घराच्या गच्चीवर, हातमोजे घालून, एकदा तरी उभारून पाहावा.

आणि मग तो वाटून घ्यावा. कापड एकाच्या पाठीवर, काठ्या दुसऱ्याच्या. चार किलोंचे दोन-दोन होतात. शिवाय ज्याच्याकडे नुसते कापड आहे त्याला पुढे निघून जाता येत नाही, आणि ज्याच्याकडे नुसत्या काठ्या आहेत त्याला मागे राहता येत नाही. वाटून घेतलेला तंबू दोघांपैकी कोणालाही एकट्याने उभारता येत नाही. हे बंधन ज्यांना घरून निघतानाच मान्य असेल, त्यांनीच हिवाळ्यात एका तंबूत झोपावे.