उपासनेचे वस्त्र आणि उपासनेची वाणी

वाचावे: निर्गम २८, १ करिंथ १४



अहरोनाच्या याजकीय वस्त्रांत सोने होते, निळे सूत होते, काठास घुंगरे होती. परंतु त्या सर्वांहून मोलाचा होता ऊरपट. त्यावर इस्राएलाच्या बारा वंशांची नावे कोरिलेली असत, व ती हृदयावर धारण करून याजक देवासमोर जाई. वस्त्र लोकांकरिता होते, लोक वस्त्राकरिता नव्हते.

अमेरिकेतील रोमन कॅथलिक धर्मगुरूंपुढे हाच विषय निराळ्या रूपाने उभा राहिला. १७९३ साली स्टीफन बाडीन यांस बाल्टिमोर येथे बिशप जॉन कॅरल यांच्या हातून दीक्षा मिळाली, आणि ते केंटकीच्या रानवट मुलुखात गेले. तेथे ओंडक्यांच्या घरांत लोक जमत. धर्मगुरू मिस्सेची वस्त्रे घोड्यावर लादून वस्त्योवस्ती फिरत. विधी युरोपातले, भाषा लॅटिन. ती समजणारे फारच थोडे.

कॅरल यांनी बिशप होण्यापूर्वी, १७८७ सालीच, एका पत्रात लोकभाषेतील उपासनेचा कैवार घेतला होता. गरिबांस व काळ्या गुलामांस वाचता येत नाही. भाषांतराचे पुस्तक त्यांच्या काय उपयोगी, असे त्यांचे म्हणणे होते. खेदाची गोष्ट ही, की ते स्वतः गुलाम बाळगून होते. ज्यांस प्रार्थना समजावी असे वाटले, त्यांचे बंधन मात्र तसेच राहिले.

धर्मगुरूंचे मत व वहिवाट एक नव्हती. १८१० च्या नोव्हेंबरात बाल्टिमोरास बिशप जमले; केंटकीसाठी नेमलेले फ्लाजे त्यांत होते. त्यांनी ठरविले, की संपूर्ण मिस्सा लॅटिनमध्येच व्हावी. संस्कारांचे मुख्य शब्दही लॅटिनच असावेत. मात्र त्यांच्या आधीच्या व नंतरच्या प्रार्थना लोकभाषेत करण्यास हरकत नाही. दार किलकिले झाले, उघडले नाही. ते उघडण्यास १९६३ सालची वॅटिकन परिषद यावी लागली. कॅरल यांच्या पत्रास तोवर १७६ वर्षे झाली होती.

बंधूंनो, हे वाचून त्यांस हसू नका. झगे व लॅटिन टाकिले म्हणजे आपण या दोषातून सुटलो असे नाही. करिंथ येथील मंडळीत लॅटिन मिस्सा नव्हती, तरी पौलास तिला ताकीद द्यावी लागली. अनोळखी भाषेतील हजारो शब्दांपेक्षा त्याने समजणारे थोडे शब्द पत्करिले. उपदेशकहो, आपण प्रार्थना जड शब्दांनी शृंगारिली आणि मागे बसलेल्या निरक्षर म्हातारीस ती कळली नाही, तर आपणही परक्या भाषेतच बोललो. आणि ती तिला कळली, पण तिच्या भुकेची व कर्जाची आपण विचारपूस केली नाही, तर कॅरल यांचाच दोष आपल्या पदरी येतो.

यास्तव येत्या रविवारी उभे राहण्यापूर्वी आपल्या मंडळीतील प्रत्येकाचे नाव एकांतात देवापुढे घ्या. ती नावे हृदयावर असली, तर अंगावरचा सदरा कसाही असो, आणि मुखातील वाणी आपोआप सोपी होईल. प्रभु आपणा सर्वांस तशी कृपा देवो. आमेन.