राखलेली मंडळी

वर्षाच्या अखेरच्या रात्री, घंटा होण्यापूर्वी, आमच्या मंडळीत उभे राहून उपकारस्तुती करण्याचा प्रघात होता, आणि त्या वेळी एक वृद्ध बाई दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांनी प्रार्थना करीत. पाऊस, पीकपाणी, लेकरे, घरातील दुखणी असा सारा हिशेब देवापुढे मांडून झाला की त्या म्हणत, प्रभो, याही वर्षी तू आपली मंडळी राखलीस. बालपणी ते वाक्य कानांवरून निघून जाई; पुढे मंडळीचा इतिहास वाचू लागल्यावर त्यातील क्रियापद मनात रुतून बसले. बाई शेतकऱ्याच्या घरातल्या होत्या, आणि 'राखणे' हा शब्द त्यांनी शिवारातून उचलला होता. ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार पाखरांपासून पीक राखतो. पिकाला त्याचे भान नसते, आणि रास खळ्यावर पडते तेव्हा तिच्यात त्या जागरणाची कोठे नोंदही नसते. मंडळी टिकली असे आपण म्हणतो तेव्हा कर्तृत्व मंडळीचे ठरते. ती राखली गेली असे म्हटले की दृष्टी आपोआप माळ्याकडे वळते. या दोन क्रियापदांमधील अंतर ख्रिस्ती समाजाला एकदम उमगले नाही. ते उमगण्याची वाट फार लांबची आहे, आणि तिच्यावर काही वैभवाचे व बरेच विध्वंसाचे मुक्काम आहेत.

या स्तुतीचे मूळ ख्रिस्ती मंडळीहून प्राचीन आहे. स्तोत्रसंहितेतील १२४ वे स्तोत्र ज्यांनी गायिले त्यांना एवढेच ठाऊक होते की परमेश्वर आपल्या पक्षाला नसता तर आपण पुराच्या लोंढ्यात बुडालो असतो, आणि आपली सुटका पारध्याचा फासा तुटून उडालेल्या पाखरासारखी झाली आहे. त्यात पाखराच्या पंखांची प्रशंसा नाही. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभूने पेत्राला वचन दिले की अधोलोकाच्या द्वारांचे मंडळीपुढे काही चालणार नाही. या वचनात बांधणारा तोच आहे आणि मंडळीही त्याचीच आहे, ही गोष्ट वाचणाऱ्याच्या नजरेतून किती सहज निसटते, हे पुढील इतिहासात पदोपदी दिसते. आपल्याकडील जुन्या दानपत्रांत व सनदांत 'आचंद्रार्क' असा शब्द घालून, चंद्रसूर्य असेतोवर इनाम चालू राहील अशी हमी देत; पहिल्या शतकांतील मंडळीने प्रभूचे वचन काहीसे अशाच वंशपरंपरा सनदेसारखे वाचले. तिच्या हाती गमलिएलाचा न्यायही होता. हे कार्य मनुष्यांचे असेल तर मोडेल, देवाचे असेल तर कोणाच्याने मोडवणार नाही, असे त्याने यरुशलेमेच्या न्यायसभेत सांगितले होते. इ. स. ३०३ मध्ये डायोक्लेशियनच्या फर्मानाने प्रार्थनास्थळे पाडली गेली, पवित्र ग्रंथ जाळले गेले, आणि अवघ्या दहा वर्षांनी, ३१३ मध्ये, राजसत्तेनेच उपासनेची मोकळीक दिली. ज्यांनी ही दोन्ही वर्षे पाहिली त्यांना गमलिएलाचा न्याय सिद्ध झाल्यासारखा वाटला असेल तर त्यात नवल नाही.

हाच न्याय ऑगस्टीनच्या 'देवाचे नगर' या ग्रंथात फार स्पष्टपणे भेटतो. ख्रिस्ती धर्म ३६५ वर्षे चालेल आणि मग लयास जाईल, अशी एक भविष्यवाणी त्या काळी मूर्तिपूजकांत प्रचलित होती, आणि तिचे खंडन करताना ऑगस्टीन एखाद्या दप्तरदाराच्या चिकाटीने वर्षे मोजतो. पवित्र आत्म्याच्या अवतरणापासून गणना केली तर ती मुदत ३९८ मध्ये संपली. आणि पुढच्याच वर्षी कार्थेज शहरात सम्राट होनोरियसच्या दोन अधिकाऱ्यांनी देवळे पाडली व मूर्ती फोडल्या, तेव्हा मंडळीचा अंत न होता ती वाढतच गेली, असे तो दाखवून देतो. या परिच्छेदाशी मी प्रत्येक वेळी अडखळतो. दुसऱ्यांची देवळे पाडली गेली हे देवाने आपल्याला राखल्याचे प्रमाण म्हणून इतका थोर आणि इतका भक्तिमान पुरुष पुढे करतो, हे वाचताना ख्रिस्ती म्हणून माझी मान खाली जाते. वचनाला सनद समजले की सरकारी शिक्क्याचा मोह कसा पडतो, हे येथे दिसते. परंतु त्याच ग्रंथात, त्याच अठराव्या भागात, मंडळी ही जगाचा छळ आणि देवाचे सांत्वन यांच्यामधून वाट काढणारी प्रवासिनी आहे, असेही ऑगस्टीन सांगतो, आणि हे दुसरे सांगणे पहिल्याहून कितीतरी खोल आहे. २८ ऑगस्ट ४३० रोजी त्याने प्राण सोडला तेव्हा त्याच्या हिप्पो नगराला वँडल सैन्याचा वेढा पडलेला होता.

ऑगस्टीनच्या या उत्तर आफ्रिकेचे पुढे काय झाले हे ख्रिस्ती मंडळींत क्वचितच सांगितले जाते; ते सांगायला हवे. जेथे कार्थेजच्या परिषदेला एके काळी दोनशेच्या वर बिशप जमत, त्या साऱ्या प्रदेशात जेमतेम पाच बिशप उरले आहेत, असा विलाप पोप नववा लिओ याने १०५३ मध्ये आपल्या पत्रात केला. आणि १०७६ मध्ये तर नव्या बिशपची प्रतिष्ठापना करण्यास लागणारे तीन बिशपही तेथे मिळत नाहीत, असे सातव्या ग्रेगरीला लिहावे लागले. पुढे तेही उरले नाहीत. चीनची कथा याहून करुण आहे. शीआन येथे ७८१ मध्ये उभारलेल्या शिलालेखात, अलोपेन नावाचा धर्मोपदेशक ६३५ मध्ये राजधानीत आला व बादशहाने त्याचा सत्कार केला, याची सविस्तर नोंद आहे. पुढे ८४५ मध्ये बादशाही हुकुमाने परकीय धर्मांवर गदा आली; आणि ९८७ मध्ये बगदाद येथील ग्रंथसूचिकार इब्न अल-नदीम याला चीनहून परतलेला एक ख्रिस्ती साधू भेटला, त्याने सांगितले की तेथील ख्रिस्ती नष्ट झाले, एकच माणूस काय तो उरला आहे.

मग वचनाचे काय? हा प्रश्न भक्तिभावाने झाकून ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. उत्तर प्रकटीकरणाच्या पुस्तकात होतेच. फक्त सुस्थितीतल्या मंडळीला ते वाचण्याची गरज भासली नव्हती. तेथे प्रभू सात सोन्याच्या समयांमध्ये फिरताना दिसतो, आणि इफिसच्या मंडळीला बजावतो की तू पश्चात्ताप केला नाहीस तर तुझी समई तिच्या ठिकाणावरून काढून टाकीन. समई उचलली जाऊ शकते. समयांमधून फिरणारा मात्र जात नाही. कार्थेजची, शीआनची, अहमदनगरची मंडळी आचंद्रार्क चालेल असे कोणाला लिहून मिळालेले नाही. म्हणून ज्या गावात यंदाही प्रभुभोजनाची मेज मांडली गेली, तेथे स्तुतीला कारण अधिकच आहे, कारण हक्काने मिळालेल्या गोष्टीबद्दल मनुष्य पोच देतो, उपकार मानत नाही.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने या विचाराला दुसरे वळण दिले. तोवर राखणे म्हणजे बाहेरच्या शत्रूपासून राखणे असा अर्थ होता. आता मंडळीला मंडळीपासूनच राखावे लागते, ही जाणीव पुढे आली. १५३० च्या ऑग्सबर्ग येथील विश्वासपत्राने एक पवित्र मंडळी सर्वकाळ राहील असे सांगितले, आणि १५३९ मध्ये लूथरने लिहिले की मंडळीला राखणारे आम्ही नव्हे, आमचे पूर्वज नव्हते आणि आमचे वंशजही नसतील. ज्याच्या नावाने अर्धा युरोप दुभंगला त्याच्या लेखणीतून हे यावे, याला मी फार महत्त्व देतो. बेल्जियन विश्वासपत्राचा कर्ता गीदो द ब्रे याच्या माणसांनी १५६१ च्या नोव्हेंबरात ते पत्र तूर्नेच्या किल्ल्याच्या भिंतीवरून आत फेकले, आणि १५६७ मध्ये गीदो फासावर गेला. त्या पत्राच्या सत्ताविसाव्या कलमात त्याला आठवले ते वैभवशाली रोम नव्हे, तर अहाब राजाचा काळ, जेव्हा एलीया स्वतःला एकटा समजून रडत होता आणि देवाने त्याच्या नकळत सात हजार राखून ठेवले होते. पुढील शतकात वेस्टमिन्स्टर येथील धर्मशास्त्र्यांनी तर हेही मोकळेपणाने लिहिले की काही मंडळ्या इतक्या बिघडल्या की त्या ख्रिस्ताच्या मंडळ्या राहिल्याच नाहीत. तथापि पृथ्वीवर देवाची उपासना करणारी एक तरी मंडळी सदैव असेलच.

सात हजार राखले, पण कसे? एलीयाच्या कथेत त्याचा उलगडा नाही, आणि माझ्या मते ही विचारपरंपरा जेथे खरोखर परिपक्व होते ते स्थळ धर्मपंडितांच्या ग्रंथांत नसून नागासाकीजवळच्या उराकामी गावात आहे. जपानात १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली. धर्मगुरू हद्दपार झाले किंवा मारले गेले. १७ मार्च १८६५ रोजी, नागासाकीत नव्याने बांधलेल्या ओउरा येथील चर्चमध्ये उराकामीचे काही खेडूत स्त्रीपुरुष आले आणि पेतिजाँ या फ्रेंच धर्मगुरूच्या कानाशी त्यांनी हळूच सांगितले की तुमच्या अंतःकरणात आहे तेच आमच्याही अंतःकरणात आहे. दोन शतकांहून अधिक काळ त्यांच्याजवळ धर्मगुरू नव्हता, छापील ग्रंथ नव्हता, घंटा नव्हती. होते ते एवढेच: एक मनुष्य सणावारांचे पंचांग सांभाळी, दुसरा नवजात बालकांना बाप्तिस्मा देई, तिसरा घरोघर निरोप पोचवी, आणि ही कामे पिढ्यानुपिढ्या सोपवली जात. देवाचे राखणे पाहायचे असेल तर मी बोट दाखवीन ते त्या पंचांग सांभाळणाऱ्याकडे, ज्याने एकही पुनरुत्थानदिन चुकू दिला नाही. बंदी उठायला अजून आठ वर्षे होती, आणि तेवढ्या अवधीत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी भोगावी लागली.

आपल्या वसईची कथा इतकी दारुण नाही, तरी तिची जात हीच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज अंमल संपला, आणि युरोपीय धर्मगुरूंपैकी बहुतेकांना निघून जावे लागले. राजाश्रयाने उभी राहिलेली मंडळी राजाश्रय जाताच विरून जाईल अशी अटकळ कोणी बांधली असती तर ती तर्काला धरूनच झाली असती. पण एतद्देशीय धर्मगुरूंनी ख्रिस्तसभेचा सांभाळ केला, आणि त्या किनाऱ्यावर आजही घराघरांतून प्रार्थना चालते ती मराठीच्याच बोलींत.

भाषेचा उल्लेख आला तो सहज नव्हे. आफ्रिकेतील मंडळी का नष्ट झाली याची कारणे अनेक सांगितली जातात. त्यांतील एक मला नेहमी विचार करायला लावते, ते असे की ती लॅटिन बोलत राहिली आणि बर्बरांच्या भाषेत पवित्र शास्त्र उतरलेच नाही, तर मिसरची मंडळी आपल्या कॉप्टिक भाषेत शास्त्र वाचत होती व ती आजही आहे. मराठीत सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ मध्ये नवा करार मोडी लिपीत छापला. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेला अमेरिकन मिशनचा गॉर्डन हॉल तेरा वर्षे या भाषेत खपून १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यात पटकीने वारला, तेव्हा त्याच्या श्रमाचे फळ म्हणून दाखवावी अशी मंडळी जवळजवळ नव्हतीच. कोणत्याही जमाखर्चात ते नुकसानीच्या सदरात पडले असते. त्यानंतर ६९ वर्षांनी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि अभंग व ओवी, टाळ व कीर्तन घेऊन ते मंडळीत आले. मराठी ख्रिस्ती माणसाला देवाची स्तुती आजीच्या जात्यावरच्या चालीत करता येऊ लागली. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवण्याचा यत्न केला. मंडळीचे कुंपण कोठवर, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर सर्वांना मानवले नाही. पण राखणाऱ्याचे शेत आपल्या बांधापाशी संपत नाही, ही त्यांची श्रद्धा मला या साऱ्या विचारक्रमाचे स्वाभाविक फलित वाटते.

आमच्या मंडळीतल्या बाईंना ऑगस्टीन ठाऊक नव्हता, लूथरचे नाव तेवढे ऐकून होत्या. मंडळी राखलीस असे म्हटल्यावर त्या थांबत नसत. कामधंद्यासाठी मुंबईला गेलेल्या आणि वर्षभरात पत्र न आलेल्या घरांची नावे त्या एकेक करून घेत. मग पालावर राहणाऱ्या, चर्चच्या दारापर्यंत येऊन परत जाणाऱ्या एका कुटुंबाचे नाव घेत, ज्याची आमच्या नोंदवहीत कोठेच नोंद नव्हती. आणि मग पदर सावरून खाली बसत.