पाचर आणि बॅटरी

पंचतंत्रातल्या माकडाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. सुतारांनी ओंडका निम्मा कापला, फटीत पाचर ठोकली आणि ते जेवायला गेले. माकडानं पाचर उपटली आणि ते त्या फटीत चिरडलं. उगाच नको तिथं हात घालू नये, एवढंच तेव्हा शिकवलं गेलं. गेल्या वैशाखात मात्र या गोष्टीकडे मी पहिल्यांदाच सुतारांच्या बाजूनं पाहिलं. ते जेवायला गेले तेव्हा काम थांबलं होतं, पण लाकडातला ताण थांबला नव्हता.

आमच्या मागच्या दाराची चौकट वाळवीनं पोखरली होती, म्हणून मिस्त्री आले होते. सोलापुरातली मे महिन्यातली दुपार, पारा 43 अंशांवर. हाताशी एक शिकाऊ पोरगा आणि बॅटरीवर चालणारी गोल करवत. ते तिला कटरच म्हणत होते. फळी कापता कापता पात्याच्या झाकणात एक ढलपी अडकली. पोरानं बटण सोडलं, पातं थांबलं आणि त्यानं ढलपी काढायला दोन बोटं आत घातली. मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं.

"बटन बंद केलंय की ओ मामा."

"बटन बंद हाय. मशीन कुठं बंद हाय? बॅटरी काड आधी."

पोरानं बॅटरी ओढली. खट्ट आवाज झाला. मग त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिला.

वायरच्या यंत्राला निदान एक खूण असते. प्लग काढून बाजूला टाकला की तो डोळ्यांना दिसतो, यंत्र निर्जीव झालं हे मनाला पटतं. बिनवायरच्या करवतीत वीज तिच्या पोटातच असते. साडेसहा इंची पातं मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेच्या दाताचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो. अंगठ्याचा किंवा सदऱ्याच्या बाहीचा चुकून लागलेला धक्का त्याला जागं करू शकतो, म्हणून तर अशा करवतींना बटणाबरोबर वेगळी कळ दाबावी लागते. ती कळ चिकटपट्टीनं कायमची दाबून ठेवणारे, आणि सारखं अडतं म्हणून पात्याचं खालचं झाकण तारेनं वर बांधून टाकणारे कारागीर मी पाहिले आहेत. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाची घाई मला कळते. पण त्या घाईची किंमत तो बोटांनी चुकवतो, आणि त्याच बोटांवर घर चालतं, हे मनातून जात नाही.

मिस्त्री फळी कशी ठेवत होते तेही पाहण्यासारखं होतं. फळीची दोन्ही टोकं टेकवून मधोमध कापलं, तर फळी मध्ये झुकते, काप मिटतो, पातं चिमटीत सापडतं आणि करवत उसळून माणसाच्या अंगावर येते. म्हणून कापून पडणारा तुकडा मोकळा खाली पडेल अशी ते फळी मांडत आणि स्वतः पात्याच्या रेषेत न राहता किंचित कडेला उभे राहत. लांब काप असला की कापलेल्या फटीत मागून एक छोटी लाकडी पाचर सरकवत. बापजाद्यांच्या हातकरवतीची रीत. नवं यंत्र आलं म्हणून त्यांनी ती सोडली नव्हती.

आणि बॅटरी. ती त्यांनी उन्हात एकदाही ठेवली नाही. 18 व्होल्टच्या त्या डबीत बोटाएवढे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात, प्रत्येक 3.6 व्होल्टचा. मोठ्या बॅटरीत त्यांची संख्या दुप्पट. सेलच्या आत दोन ध्रुवांमध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो. उंचावरून पडून किंवा अति तापून तो पडदा फाटला, तर आतल्या आत शॉर्ट होतं, एक सेल पेटतो आणि त्याच्या धगीनं शेजारचा. चार्जिंगची वरची मर्यादा बहुतेक पुस्तिकांमध्ये 40 अंशांच्या आसपास लिहिलेली असते. म्हणजे आमच्या गावात मे महिन्यात सावलीतली दुपारसुद्धा ती ओलांडून जाते. पत्र्याच्या शेडचं किंवा मोटारसायकलच्या डिकीचं तर विचारूच नका. मिस्त्री पहाटे चार्जिंगला लावतात. कामावरून काढलेली गरम बॅटरी आधी थंड होऊ देतात, आणि चार्जर बॅटरीच्याच कंपनीचा असेल तरच लावतात. बॅटरी कधी खिळ्या-स्क्रूच्या डब्यात टाकत नाहीत, कारण तिच्या उघड्या पट्ट्यांना एखादा खिळा आडवा लागला तरी शॉर्ट व्हायला पुरतो. फुगलेली बॅटरी "अजून दोन दिवस चालंल" म्हणून वापरायची नाही, घंटागाडीतही टाकायची नाही. 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुकानदाराकडे ती परत देण्याचा आग्रह आपण धरायला हवा.

त्या दुपारी जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा मिस्त्रींनी करवत भिंतीशी ठेवली आणि बॅटरी काढून आत आणली. आमच्या माठाजवळच्या गार फरशीवर, पण पाण्यापासून हातभर लांब, ती ठेवून मग हात धुतले. कोणी बघत होतं म्हणून नव्हे, रोजचंच असल्यासारखं.

आश्विनात खंडेनवमीला सहज त्यांच्या घरी गेलो. पाटावर जुनी करवत, रंधा, पटाशी, वाकस पुसून मांडलेली. त्यांच्या ओळीत कटरही होता, झेंडूचं फूल वाहिलेला. बॅटरी मात्र शेजारी वेगळी, पट्ट्यांवर टोपी घातलेली. तो पोरगा हळदकुंकू लावत होता. कटरला लावताना त्यानं आधी तो उलटा करून बॅटरीची खाच रिकामी आहे ना ते बघितलं, मग बोट पुढं केलं.