अटळ असेल तर धडपड कशासाठी?

ख्रिस्तोफर नोलनचा ‘टेनेट’ डिसेंबर २०२० मध्ये आपल्याकडे लागला. तेव्हापासून त्याच्याबद्दल दोनच मतं कानावर येतात. काही कळलं नाही, हे एक. कळून घ्यायचंच नाही, फक्त अनुभवायचं, हे दुसरं. दुसऱ्या पक्षाचे लोक चित्रपटातल्याच शास्त्रज्ञ बाईचा दाखला देतात. काळात उलट्या दिशेने जाणारी गोळी नायकाला दाखवताना तीही त्याला असंच सांगते. हा बचाव मला मुळीच मान्य नाही. अडीच तास पात्रांच्या तोंडी एन्ट्रॉपी घालायची आणि प्रेक्षकाने प्रश्न विचारला की त्याला अरसिक ठरवायचं, हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रारही क्षुल्लक नाही. खलनायक सेटरच्या पाठीशी असलेली भविष्यातली माणसं आपल्यावर का उलटली, याचं कारण चित्रपटात आहे: समुद्र चढले, नद्या आटल्या, आणि ते आपण केलं. वंशजांनी पूर्वजांविरुद्ध पुकारलेलं युद्ध! एवढा मोठा विचार धावपळीत आणि गोंगाटात दोन-चार वाक्यांत उरकला जातो. इथवर मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

पण त्यांचा सगळ्यात हुशार आक्षेप वेगळाच आहे. या कथेत भूतकाळ बदलत नाही. जे घडलं ते घडलं. मग थरार कसला, आणि नायकाने जिवावर उदार होऊन धडपडायचं कशासाठी? हे ऐकलं की मला टिळक आठवतात. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य असं एक अख्खं प्रकरण आहे. आजचं प्रत्येक कर्म आधीच्या कर्मातून आलं असेल, तर माणसाला मोकळीक उरली कुठे, हाच तिथला प्रश्न. टिळक तो टाळत नाहीत. कर्माची साखळी ते पुरती मान्य करतात. देह आणि इंद्रियं तिच्यात बांधलेली आहेत, पण आत्मा मूळचा स्वतंत्र आहे, आणि त्याची ओढ माणसाला प्रयत्नाकडे नेते, असं ते मांडतात. दैवाचं नाव घेऊन हात जोडून बसायला तिथे मुभा नाही. सहा वर्षांची शिक्षा भोगणारा माणूस हे लिहीत होता. त्याच्या कोठडीचं दार त्या विचाराने उघडणार नव्हतं, तरी त्याने ग्रंथ पुरा केला.

आता नायकाच्या साथीदाराकडे, नीलकडे पाहा. मुंबईतल्या पहिल्याच भेटीत तो नायकासाठी परस्पर डाएट कोक मागवतो. नायक म्हणतो, मला सोडा वॉटर आवडतं. नील ते साफ नाकारतो. त्याची आवड नीलला ठाऊक आहे, कारण नीलसाठी ही मैत्री वर्षानुवर्षांची आहे आणि नायकासाठी ती अजून सुरूही व्हायची आहे. शेवटी नीलच्या पाठपिशवीला लोंबणारा लाल दोरा नायकाला दिसतो. तसाच दोरा त्याने थोड्या वेळापूर्वी बंद फाटकामागे मरून पडलेल्या माणसाच्या पिशवीला पाहिलेला असतो. त्याच माणसाने त्याच्यावरची गोळी आपल्या अंगावर घेतली होती. तो माणूस नीलच; ते फाटक उघडायला त्याला काळात मागे जायचं आहे. घडलेलं बदलत नाही, पण म्हणून स्वस्थ बसता येत नाही, असं तो सांगतो आणि जातो.

नील गेला नाही तर फाटक उघडत नाही. घटना अटळ आहे ती त्याच्या निर्णयासकट. तो निर्णय वगळून अटळ असं काही उरतच नाही. टिळकांच्या मांडणीत आत्म्याला जी जागा आहे, ती नोलनच्या काळयंत्रात या एका माणसाला मिळाली आहे. म्हणून शेवट माहीत असूनही त्याचं जाणं काळजाला भिडतं.

‘टेनेट’ सदोष चित्रपट आहे. त्याचा आवाज वाईट आहे, नायकाला धड नावही नाही, सेटरची बायको कॅट बराच वेळ नुसती ओलीस म्हणून वावरते. पण नशिबाला बोल लावून गप्प बसणाऱ्यांना इतकं नेमकं उत्तर देणारा दुसरा थरारपट मी पाहिलेला नाही. ज्यांनी तो अर्ध्यात सोडला, त्यांनी सबटायटल लावून निदान शेवटचा अर्धा तास पाहावा, आणि मग वाद घालायला यावं.