लेकराच्या हृदयाचा निर्णय

सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूच्या हृदयातला व्हॉल्व्ह बदलायची वेळ येते, तेव्हा संमतिपत्रावर सही पालकांची असते आणि तिचे परिणाम पुढे आयुष्यभर मूल भोगते. दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय घेण्याचा हक्क पालकाला कुठून मिळतो, हा यातला मूळ नैतिक प्रश्न. भारतीय कायद्यानुसार माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. पण कबड्डीत चढाईला जाणाऱ्या मुलीला आपल्या शरीराची जाण त्याच्या कितीतरी आधी आलेली असते.

व्हॉल्व्ह या वयात प्रामुख्याने दोन कारणांनी बिघडलेला आढळतो. महाधमनीच्या व्हॉल्व्हला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणे हा जन्मजात दोष शंभरातल्या एखाद-दोघांत असतो आणि वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. दुसरे कारण ऱ्हुमॅटिक ताप. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजतो, उपचार अपुरे राहतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती हृदयावरच उलटते. निदान कळले की घरात विचारले जाते, ‘असं कोणतं पाप घडलं होतं?’ प्रारब्ध म्हणून दुःख सोसायला बळ मिळत असेल तर ते समजण्यासारखे आहे. मात्र त्याच शब्दाने मुलाला किंवा त्याच्या आईला दोषी ठरवणे क्रूरपणाचे आहे. कर्मविचाराचे मोल पुढच्या कृतीची जबाबदारी घेण्यात आहे.

आणि ही कृती सोपी नाही. व्हॉल्व्ह दुरुस्त होण्यासारखा असेल तर उत्तमच. नसेल तर खरा पेच सुरू होतो. यांत्रिक व्हॉल्व्ह दशकानुदशके टिकतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेला भारतीय बनावटीचा व्हॉल्व्ह 1990 पासून वापरात आहे. पण यांत्रिक व्हॉल्व्हसोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, रक्ताची तपासणी नियमित करावी लागते, आणि डोक्याला लागलेला मार जीवघेण्या रक्तस्रावापर्यंत जाऊ शकतो. म्हणजे कुस्ती बंद, कबड्डी बंद. मुलगी असेल तर पुढे गर्भारपणात याच गोळीचा बाळाला धोका असतो. डुकराच्या व्हॉल्व्हपासून किंवा गोवंशाच्या हृदयावरणापासून बनवलेल्या जैविक व्हॉल्व्हला ती गोळी सहसा जन्मभर लागत नाही. पण तरुण शरीरात त्यावर कॅल्शियम लवकर साचते आणि छाती पुन्हा उघडावी लागते. डोनाल्ड रॉस यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये रुग्णाचा स्वतःचाच फुप्फुसधमनीचा व्हॉल्व्ह महाधमनीच्या जागी बसवला. तो मुलासोबत वाढू शकतो, पण एका व्हॉल्व्हच्या आजारासाठी दोन व्हॉल्व्हना हात लावावा लागतो.

अमेरिकी तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी 1980 मध्ये मुलांचे भविष्य शक्य तितके खुले ठेवण्याचा विचार मांडला. इथे तो अपुरा पडतो, कारण प्रत्येक पर्याय कोणता ना कोणता रस्ता बंद करतोच. ‘जीव वाचला, बाकी सगळं गौण’ हे माप पालकाच्या भीतीतून आलेले असते. ज्या मुलाची ओळखच मैदानावर घडली आहे त्याला ते पुरत नाही. उलट मुलाची नजर पुढच्या हंगामापलीकडे क्वचित जाते. निर्णय होतो त्या खोलीत आजचे मूल स्वतः बोलू शकते. तेच मूल चाळिशीत जे म्हणेल ते आज कोणीतरी मांडायला हवे, आणि पालकाचे काम नेमके हेच. 1989 च्या बालहक्क करारातील बारावे कलम मुलाचे मत त्याच्या वयानुसार व परिपक्वतेनुसार विचारात घ्यायला सांगते. भारताने तो 1992 मध्ये स्वीकारला आहे. ऐकून घेणे मात्र वेगळे आणि ओझे मुलावर टाकणे वेगळे. निर्णय चुकला तर तो मुलाने एकट्याने मागितला होता, असे म्हणायची सोय पालकाने स्वतःला ठेवू नये.

प्राण्याच्या ऊतीचा प्रश्न श्रद्धेला थेट भिडतो. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माची, म्हणजे संकटकाळी चालणाऱ्या आचरणाची, चर्चा आहे. इस्लामी धर्मशास्त्रातही जीव वाचवण्याच्या निकडीत निषिद्ध वस्तूला मुभा मिळते. तरीही यांत्रिक पर्याय उपलब्ध असताना निकड कशाला म्हणायचे, हे तपासावे लागते. केवळ खेळ चालू राहावा म्हणून जैविक व्हॉल्व्ह घेणे हा आपद्धर्म ठरतो का? अहिंसा मनापासून पाळणाऱ्या कुटुंबाला ही शंका छळणारच, आणि ती भाबडी नाही. पण व्हॉल्व्ह ज्याच्या छातीत बसणार आहे त्याची श्रद्धा काय म्हणते, हे आधी विचारले पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय थांबवून रक्ताभिसरण यंत्रावर घेतले जाते. त्या तासांत पालकाच्या हाती करण्यासारखे काही उरत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी सांगितले आहे की कर्म सिद्धीला गेले तर हुरळू नये आणि अडले तर क्षोभ करू नये. आईबापांकडून ही अपेक्षा अमानुष वाटेल. पण फळावर ताबा नसणे म्हणजे मुलावर माया नसणे नव्हे. नवस बोलणारा बापही, प्रयत्न पूर्ण करून, तेच मान्य करत असतो. अवघड भाग पुढे येतो. गोळ्यांची वेळ, तपासण्यांच्या नोंदी, दातांच्या उपचाराआधी डॉक्टरांना व्हॉल्व्हची कल्पना देणे, हे सगळे हळूहळू मुलाकडे सोपवावे लागते. अठरा वर्षांनंतर पुन्हा शस्त्रक्रिया लागली तर सही त्याची असेल, आणि त्या वेळी त्याने निवडलेला पर्याय पालकांना पटेलच असे नाही.