पट्टी कोणाची?

गेल्या डिसेंबरात नागपुरातल्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी समूहगीत काळी चारमध्ये बसवले होते. नववीतल्या एका मुलाचा आवाज नुकताच फुटलेला. वरचा षड्ज त्याला लागेना, खालच्या सप्तकातही गळा स्थिर नव्हता. "तू नुसते ओठ हलव," मी म्हणालो. (आम्हां मास्तरांना सोय म्हणजेच शिस्त वाटते.) "बरं, सर," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तालमीला आला नाही.

घरी संगणकावर म्युझस्कोअर आहे. दोनचार कळा दाबताच सारे गाणे सात अर्धस्वर खाली, काळी एकमध्ये उतरले. विलायती लिपीत त्यासाठी प्रत्येक स्वर हलवावा लागतो. पंडित भातखंड्यांच्या लिपीत एक अक्षरही बदलत नाही, कारण तिथला सा गाणाऱ्याचा असतो. पण आता मुलींचे खालचे स्वर घशातच राहणार! ४० गळ्यांसाठी एकाला मुका करणे व्यवहाराचे असेल. न्यायाचे आहे काय? आणि एकासाठी ४० जणांना घुसमटवणे?

संगणकाला हे पुसण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी पेटी घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याचा सा कुठे लागतो, हे विचारायचेच राहिले होते.