अग्नीतील भागीदारी

पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टी सामायिक आहेत, या आशयाची प्रेषित मुहंमद (स.) यांची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आली आहे. वाळवंटात शेजाऱ्याने निखारा मागितला तर तो नाकारू नये, हा तिचा उघड अर्थ. आज तो निखारा तारांमधून वाहतो. पण भागीदारीचा हक्क त्यामुळे संपला, असे कोणी म्हणू शकेल काय?

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोचतो. तारापूरच्या अणुकेंद्रातील पहिल्या दोन संचांची वीज १९६९ पासून महाराष्ट्र व गुजरातला मिळू लागली. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच आले आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरणच्या लोकांनी आपली गावे सोडली. डहाणूला ५०० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीचा धूर तर सर्वांच्याच परिचयाचा. अर्धशतकाहून अधिक काळ हा किनारा इतरांसाठी अग्नी पेटवत आला आहे. याच जिल्ह्यातील डोंगराळ भागात प्रसूतिगृहातील दिवा ऐन वेळी विझला, तर ती केवळ गैरसोय म्हणता येणार नाही. केंद्राची वीज थेट शेजारच्या गावाला मिळत नाही, ती मोठ्या जाळ्यात मिसळते, असे अभियंते सांगतात. ते खरेच आहे. पण हक्काच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

उपाय सूर्याचा आहे, मात्र येथे नियतचा प्रश्न उभा राहतो. छतावरची साधी सौर यंत्रणा वाहिनीला जोडलेली असते आणि वाहिनीचा पुरवठा खंडित होताच, दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठी, तीही बंद पडते. भर दुपारी ऊन असूनही रुग्णालय अंधारात! अशा यंत्रणेने बिल वाचते, रुग्ण वाचेलच असे नाही. संकरित यंत्रणेत बॅटरी असते, वाहिनी असते आणि अखेरचा आधार म्हणून जनरेटरही असतो. आपल्याकडे पावसाळ्यात ऊन कमी आणि वीज जाण्याचे प्रसंग जास्त. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने ते मोसमाआधीच दाखवून दिले. २ ते ८ अंशांत ठेवावी लागणारी बालकांची लस आभाळ निवळण्याची वाट पाहत नाही.

हे अन्यत्र घडले आहे. नायजेरियातील कानो शहरात, बायेरो विद्यापीठात, २०१९ मध्ये ७.१ मेगावॅटचा सौर संकरित प्रकल्प सुरू झाला. सार्वजनिक विद्यापीठे व त्यांची रुग्णालये यांच्यासाठीच ती योजना आहे. छत्तीसगडने तर शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह छोटे सौर संच बसवले.

मग हे काम कोणाचे? पहिली जबाबदारी शासनाची, कारण सार्वजनिक रुग्णालय ही जनतेची अमानत आहे. समाजाने दान दिले तर शासन निर्धास्त होईल, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. तरीही हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिनेतील रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, तेव्हा तहानलेल्याला थांबा म्हणून सांगितले नव्हते. मागणी आणि दान, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. जकातची रक्कम मात्र यात घालू नये. हनफी मतानुसार ती गरजू व्यक्तीच्या मालकीची व्हावी लागते. हे सदका व वक्फचे क्षेत्र आहे.

आणि वक्फचा एक नियम आपण विसरतो. हनफी फिकहनुसार वक्फच्या उत्पन्नावर पहिला हक्क त्या वास्तूच्या डागडुजीचा असतो, दात्याने तशी अट घातलेली नसली तरी. एका ठिकाणी छतावर धूळ खात पडलेली पॅनेल्स मी पाहिली. खाली देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी चकचकीत होती. बॅटऱ्या मात्र केव्हाच निकामी झाल्या होत्या आणि नव्या घेण्यासाठी कोणाकडे पैसे नव्हते. साध्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या काही वर्षांतच बदलाव्या लागतात, आणि किनाऱ्याची खारी हवा जोडण्या गंजवते. त्यामुळे पॅनेलसाठी रक्कम काढणाऱ्याने तिचा एक भाग बॅटरीसाठी राखून ठेवावा आणि तंत्रज्ञाचा वार्षिक मेहनताना आधीच ठरवावा. त्या खर्चावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणूनच त्यासाठी दाता मिळणे अवघड जाते.